बेवारस फाईल

रुग्णालयाच्या तळघरात, औषधांच्या कोठाराला लागून एक बिनखिडकीची खोली आहे. खोलीत सर्व्हर आहेत, सर्व्हरना गार ठेवणारं यंत्र आहे, आणि त्या यंत्रासमोर भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसलेली ताई आहे. वय पन्नाशीला टेकलेलं, चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त, आणि आवाज असा की पलीकडच्या कोठारातला माणूससुद्धा हातातली खोकी सरळ रचायला लागतो.

तशी ती एकाच माणसाची ताई. तिचा धाकटा भाऊ इथे नोकरीला लागला आणि पहिल्याच दिवशी चारचौघांत विचारून बसला, "ताई, पासवर्ड काय गं?" तेव्हापासून व्यवस्थापक बाईंपासून लिफ्टवाल्यापर्यंत ती सगळ्यांची ताई झाली. पाठीमागे मात्र तिला 'पंचनामा' म्हणतात. हे तिला माहीत आहे, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडतं.

नाव पडायला कारण तसंच आहे. टेबलावर एखादा डबा राहिला तर तो कुणाचा, हे कळेपर्यंत ताई त्याला हात लावत नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. घरीही तेच. हा टॉवेल कुणाचा, ही छत्री कुणी आणली, हा कप इथे कसा आला. तिची आई म्हणते, हिच्यासमोर चमचा पडला तर आधी त्याची चौकशी होते, मग तो उचलला जातो.

कामात मात्र या खोडीचं सोनं झालं होतं. सर्व्हरवर लाखांनी फायली असतात. त्यातल्या बहुतेक पॅकेजमधून येतात. पॅकेज म्हणजे सामानाचं एक बांधलेलं खोकं. ते उघडलं की आतल्या फायली आपापल्या जागी जाऊन बसतात, आणि कुठली फाईल कुठल्या जागी बसली याची नोंद सर्व्हर ठेवतो. म्हणून कुठल्याही फाईलीचा पूर्ण पत्ता देऊन सर्व्हरला विचारता येतं, हिचा मालक कोण? तो पॅकेजचं नाव सांगतो. नाहीतर सांगतो की असा कुणी मालक सापडत नाही. मालक नाही याचा अर्थ ती फाईल कुणीतरी हाताने आणून ठेवली. आणि हाताने ठेवलेल्या फाईलीचा ताईला जन्माचा तिटकारा.

त्या सोमवारी सकाळी व्यवस्थापक बाई स्वतः जिना उतरून तळघरात आल्या. असं फारसं होत नाही. एका रुग्णाच्या घरच्यांची तक्रार होती की आमच्या माणसाचा रिपोर्ट बाहेरच्या लोकांना आमच्याआधी कळला.

"सर्व्हरवर कुणी काही आणून ठेवलंय का, बघा," बाई म्हणाल्या. "दुपारी विश्वस्तांची बैठक आहे. मला उत्तर लागेल."

ताईने तिचा तपासणीचा प्रोग्राम चालवला. तो तिने स्वतः लिहिलेला होता आणि त्याचा तिला अभिमान होता. सर्व्हरवर जे जे चालू असेल त्या प्रत्येकाचा मालक तो विचारायचा आणि बिनमालकाचं तेवढं दाखवायचा. पडद्यावर एकच ओळ आली. एक फाईल. नाव म्हणजे नुसती चार व्यंजनं, उच्चारायला गेलं तर जीभ अडखळेल असं. मालक, नाही. ती फाईल चालू होती आणि थोड्या थोड्या वेळाने बाहेर कुठेतरी काहीतरी पाठवत होती. सध्याच्या जागी ती आली तो दिवस ताईने काढून पाहिला. गेल्या महिन्यातला रविवार. त्या रविवारी ताई तापाने झोपून होती, आणि धाकट्याने एकट्याने सर्व्हरवर सिस्टिमची नवी आवृत्ती चढवली होती.

सर्व्हरच्या किल्ल्या दोघांकडेच. ती आणि तो.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. धाकटा परीक्षा देऊन, मुलाखत देऊन नोकरीला लागला होता. ताईने कुणाजवळ शब्द टाकला नव्हता. पण कँटीनमध्ये कुणीतरी, तिला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणालं होतं की तळघरात आता घरचाच कारभार आहे. ते तिने फार मनाला लावून घेतलं. वडील लवकर गेले तेव्हा याच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून हिचीच सही असायची. याला सायकल हिने शिकवली, याच्यासाठी शेजाऱ्यांशी हिने भांडणं केली. आणि आता त्याच भावाची रजा ती सगळ्यांत शेवटी मंजूर करायची, त्याची चूक सगळ्यांत आधी सांगायची. तो हसून सोडून द्यायचा. "माझी ताई नाकासमोर चालते," असं वर लोकांना सांगायचा.

धाकटा त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर प्रिंटर दुरुस्त करत होता. ताईने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. आधी त्याच्याशी बोलले तर बहीणभावाने आपसात मिटवलं असं होईल. तिने सरळ व्यवस्थापक बाईंना लिहिलं: 'एक फाईल सापडली. तिचा मालक नाही. हाताने ठेवलेली आहे. त्या दिवशी सर्व्हरवर काम करणारी व्यक्ती एकच होती.' नाव लिहिताना तिची बोटं अडली. मग तेही लिहिलं.

बाईंनी वेळ घालवला नाही. तिसऱ्या मजल्यावरच, परिचारिकांच्या देखत, त्यांनी धाकट्याच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. तो खाली आला तेव्हा त्याचा हात रिकाम्या गळ्याशी चाळा करत होता. दारातच उभा राहिला.

"तू लिहिलंस, ताई?"

"हो."

"बरं."

"नियम सगळ्यांना सारखा," ताई म्हणाली. "उद्या माझं नाव आलं असतं तरी मी तेच..."

पण तोवर तो वळला होता. बैठक होईपर्यंत त्याला वरच्या प्रतीक्षागृहात, रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये बसायला सांगितलं होतं. बैठकीत ठराव मंजूर होताच त्याची नोकरी जाणार होती, आणि पाठोपाठ पोलिसांत तक्रार. रुग्णांची माहिती चोरल्याचा शिक्का बसलेल्या माणसाला पुन्हा कोण सर्व्हरजवळ उभं करणार?

थोड्या वेळाने आईचा फोन आला.

"अगं, तो माझा चष्मा दुकानातून घेऊन येणार होता. फोनच उचलत नाहीये."

"कामात असेल."

"तू तिथेच आहेस ना? मग बघ की जरा. सकाळी नीट जेवून पण गेला नाही."

"बघते," ताई म्हणाली, आणि फोन पालथा घालून ठेवला.

बाईंना बैठकीसाठी पुरावा हवा होता, विश्वस्तांना कळेल असा. ताई लिहायला बसली. फाईलीचा पत्ता, सर्व्हरला विचारलेला प्रश्न, आलेलं उत्तर. लिहून झाल्यावर तिला वाटलं, एवढ्याने भागायचं नाही. कुणी म्हणेल, तुमचा सर्व्हर प्रत्येकच फाईलीला मालक नाही म्हणत असेल. तेव्हा शेजारी एक सज्जन फाईल दाखवावी, जिच्याबद्दल कुणाला शंकाच नसते. फोल्डरमध्ये काय काय आहे ते दाखवणारा एलएस नावाचा एक साधा प्रोग्राम असतो. सर्व्हरवर बसणारा प्रत्येक माणूस दिवसातून शंभरदा तो वापरतो. ताईने त्याचा पूर्ण पत्ता काढला आणि विचारलं, याचा मालक कोण?

मालक सापडत नाही, सर्व्हर म्हणाला.

ताईने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. पत्ता एकेक अक्षर तपासून पुन्हा विचारलं. मालक सापडत नाही.

एलएसला मालक नाही, हे म्हणजे रुग्णालयाला पाया नाही म्हणण्यासारखं झालं. मग तिच्या तपासणीत हे सकाळी का दिसलं नाही? आणि लगेच तिला आठवलं. तो प्रोग्राम लिहिताना तिनेच त्याला शिकवलं होतं की ओळखीच्या नावांना विचारत बसू नकोस, उगाच वेळ जातो. एलएससारखी सगळी रोजची मंडळी तिने त्यातून वगळली होती. म्हणजे सर्व्हर कितीतरी दिवसांपासून निम्म्या घरच्या माणसांना ओळखत नव्हता, आणि ते तिला कळलंच नव्हतं. चौकशी झाली ती फक्त एका अनोळखी नावाची.

पण सर्व्हर ओळखत का नाही? ताई खुर्चीवरून उठली, दोन पावलांच्या त्या खोलीत फिरली, पुन्हा बसली. नवी आवृत्ती. नव्या आवृत्तीत जुनी काही फोल्डरं मोडून त्यांतल्या फायली दुसऱ्या, मोठ्या फोल्डरांत हलवल्या जातात. जुन्या जागी उरते ती नुसती पाटी: पुढे जा, सगळे तिकडे राहायला गेलेत. फायली हलल्या तो दिवस अर्थातच आवृत्ती चढवली तो. आणि पॅकेजची नोंद? नोंद जुन्याच पत्त्यावर राहते. फाईल राहते नव्या घरात, कागदोपत्री मात्र जुन्या. नव्या पत्त्यावर विचारलं तर सर्व्हर बापडा म्हणणारच, असं कुणी माझ्याकडे नाही.

तिने एलएसचा जुना पत्ता दिला. सर्व्हरने पटकन पॅकेजचं नाव सांगितलं.

आता ती चार व्यंजनांची फाईल. घाईत पहिल्यांदा पत्ता चुकला. दुसऱ्यांदा बरोबर पडला. उत्तर आलं. मालक होता. ताईच्या आधी इथे काम करणाऱ्याच्या काळात, औषधांच्या कोठारातल्या फ्रिजच्या कंपनीने दिलेलं एक पॅकेज. भिंतीपलीकडचे फ्रिज किती गार आहेत, तेवढं ती फाईल कंपनीला कळवत होती. इतकी वर्षं निमूटपणे कळवत होती.

ताईला ओरडावंसं वाटलं. पण पंचनामा हे नाव काही उगीच पडलेलं नाही. नाव मालकाचं आणि आतला माल दुसऱ्याच कुणी बदललेला, असंही होऊ शकतं. पॅकेज आलं तेव्हा फाईल जशी होती तशीच आज आहे का, हे ताडून पाहणारी कमांड तिने दिली. ही कमांड फरक सापडला तरच बोलते, नाहीतर चूप बसते. ताई पडद्याकडे बघत राहिली. यंत्र घोंघावत होतं. वर बैठक सुरू होऊन गेली असणार. फाईल बदललेली निघाली तर धाकट्यावरचा संशय दुप्पट होणार होता, आणि तसं निघालं तर काय करायचं, हे तिने ठरवलेलं नव्हतं. ते तिचं तिलाच भयंकर वाटलं.

पडद्यावर काहीच आलं नाही. कर्सर खालच्या ओळीवर जाऊन लुकलुकायला लागला.

ताईने लॅपटॉप काखेत मारला आणि धावली. लिफ्ट वर गेलेली होती. जिन्यावर तिला धाप लागली, एका कठड्याला धरून थांबावं लागलं, पुन्हा चढली. बैठकीच्या खोलीचं दार तिने न ठोठावता उघडलं तेव्हा व्यवस्थापक बाई वाचत होत्या, "'तिचा मालक नाही. हाताने ठेवलेली आहे.'" सकाळचं तिचंच वाक्य. ऐकताना किती पक्कं वाटत होतं ते.

"बाई, ते चूक आहे," ताई म्हणाली.

"काय चूक आहे?"

"मी लिहिलंय ते. फाईलीला मालक आहे. मी चुकीच्या पत्त्यावर विचारलं."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या विश्वस्तांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "सकाळी मालक नव्हता, दुपारी आला. तो तुमचा सख्खा भाऊ ना?"

ज्या वाक्याच्या भीतीने तिने हा सगळा घोळ घातला होता, ते वाक्य आता समोर येऊन बसलं होतं. गंमत म्हणजे आता तिला त्याची भीती वाटली नाही.

"हो. त्याच्यासाठीच आलेय," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. डोळ्यांनी बघा."

तिने लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला. एलएसचा नवा पत्ता देऊन विचारलं, मालक सापडेना. जुना पत्ता दिला, सापडला. "हा प्रोग्राम जगातल्या अशा प्रत्येक सर्व्हरवर असतो. याला मालक नाही म्हणून हाही माझ्या भावाने ठेवला, असं म्हणणार का?" मग ती चार व्यंजनांची फाईल, तशीच दोनदा विचारून. पडद्यावर फ्रिजच्या कंपनीचं नाव उमटलं. तरीही म्हाताऱ्या विश्वस्तांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी बाईंना त्या कंपनीला फोन लावायला सांगितला, सगळ्यांना ऐकू येईल असा. फोनवरच्या माणसाने दुसऱ्या माणसाला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. ताई उभीच होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. तिसऱ्या माणसाने ती चार व्यंजनं अडखळत वाचली आणि म्हणाला, "हो, आमचीच आहे. जुनी आहे. का, फ्रिज बिघडला का?"

बाईंनी ठरावाचा कागद उलटा करून ठेवला. "त्याला कामावर घ्या," त्या म्हणाल्या. "ताई, तुमच्याबद्दल मात्र आपल्याला बोलावं लागेल." ताईने मान हलवली. रिपोर्ट बाहेर कसा गेला, याचा उलगडा पुढे झाला. तक्रार करणाऱ्याच्याच जावयाने रिपोर्ट हातात पडताच त्याचा फोटो काढून साऱ्या नातेवाइकांना पाठवला होता. पण त्या घडीला ताईला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. बाईंनी टेबलावरून सरकवलेलं धाकट्याचं कार्ड तिने उचललं आणि ती प्रतीक्षागृहाकडे निघाली. पाय हलके झाले होते. काय काय सांगायचं ते तिच्या मनात भराभर जुळत होतं.

प्रतीक्षागृहात गर्दी होती. धाकटा कोपऱ्यातल्या खुर्चीवर, कोपर गुडघ्यांवर टेकून बसला होता. शेजारच्या बाईचं मूल त्याच्या बुटाच्या नाडीशी खेळत होतं आणि तो त्याला खेळू देत होता.

"सुटलास," ताई म्हणाली. "अरे, फायली हलल्या आणि नोंद जुन्याच पत्त्यावर राहिली. फ्रिजवाल्यांची फाईल होती ती. मी जुन्या पत्त्यावर विचारलं आणि मालक निघाला. सगळ्यांना दाखवून आले."

त्याने ऐकून घेतलं. नाडी हलकेच मुलाच्या मुठीतून सोडवली आणि बांधली.

"जुन्या पत्त्याचं मला माहीत होतं," तो म्हणाला. "आवृत्ती चढवली त्याच दिवशी ते माझ्या लक्षात आलं होतं. तुझ्या तपासणीच्या प्रोग्राममध्ये बदल करायचा म्हणून मी तुला विचारलं पण होतं. माझ्या प्रोग्रामला हात लावायचा नाही, म्हणालीस."

ताईला ते आठवलं. अंगात ताप होता, आणि ती तसं म्हणाली होती.

"मग सकाळी बोलला का नाहीस? दारात उभा होतास."

"तू काही विचारशील म्हणून उभा होतो." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच तिला ऐकवत नव्हतं. "ताई, त्या फाईलीला तू दोनदा विचारलंस. मला एकदा तरी विचारायचंस."

ताईने कार्ड पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही.

"टेबलावर ठेव," तो उठत म्हणाला. "उद्या येईन तेव्हा मी घेईन."

तो दाराबाहेर पडला. त्याच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर ताई बसली, आणि शेजारच्या बाईने विचारलं की तुमचं कोण आहे आत?